गंडा आणि लॉकेट

आईला ऑपरेशनला नेताना सिस्टरनं तिच्या गळ्यातलं बाबासाहेबांचं लॉकेट न विचारता ओढून काढलं. शेजारच्या खाटेवर मात्र, "ताई, मंगळसूत्र जरा काढता का?"

अंगावर धातू असला तर विजेच्या यंत्रानं भाजायची भीती, कबूल. पण आईला हे सांगायला काय पैसे पडतात? आणि डॉक्टरच्या मनगटावर लाल गंडा तसाच! त्याला जंतू शिवत नाहीत वाटतं. फॉर्मवर अंगठाही न वाचून दाखवता घेतलेला. समजावून घेतलेली संमतीच खरी, हे सुप्रीम कोर्टानं २००८ सालीच सांगितलंय.

१९२९ साली काठेवाडात डॉक्टरनं अस्पृश्य बाळंतिणीला शिवायचं नाही म्हणून थर्मामीटर दुसऱ्याच्या हातानं दिला. बाई मेली. बाबासाहेबांनी ते नोंदवून ठेवलंय. आजचा डॉक्टर शिवतो, विचारत नाही.

दोस्तांनो, मी गंड्याकडे बोट दाखवलं. त्यानं हात खिशात घातला.