व्हेनिस पायीं पाहावें

व्हेनिस म्हटलें कीं डोळ्यांपुढें होडी उभी राहते. इटलीच्या ईशान्य किनाऱ्यावरील खाजणांत वसलेल्या या शहरीं होडीवांचून पाऊल हालत नसेल, अशी आमचीहि समजूत होती. तीन दिवस पायीं हिंडल्यावर ती पार नाहींशी झाली. शंभराहून अधिक लहान बेटें व त्यांस सांधणारे चारशेंवर पूल असें हें गांव आहे. मोटार नाहीं, सायकलहि नाहीं. पुलाच्या पायऱ्या श्रीमंतानेंहि चढाव्या आणि हमालानेंहि. हमालाच्या हातगाडीला पुढें दोन लहान जादा चाकें असतात. त्यांच्या आधारानें तो गाडी पायरीपायरीनें वर चढवितो.

रिआल्टोचा १५९१ सालीं पुरा झालेला दगडी पूल, किंवा १९०२ सालीं कोसळून १९१२ सालीं पुन्हां उभा राहिलेला संत मार्काचा मनोरा कोणीहि दाखवील. आम्हांस मोह पडला तो चौकांचा. चौकास तेथें 'काम्पो', म्हणजे शेत, म्हणतात. बहुतेक जुन्या चौकांत कोरीव दगडाचें विहिरीचें तोंड दिसतें. भोंवतीं सारें खारें पाणी, मग गोडें आलें कोठून? वस्तुतः तें टांकें होय. चौकांत पडलेलें पावसाचें पाणी फरशींतील छिद्रांवाटे खालीं उतरे, वाळूंतून गाळलें जाई आणि मधल्या विटांच्या विहिरींत सांचे. १८८४ सालीं नळ आले व या विहिरींचें काम संपलें. शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं जपून वापरलेल्या पाण्यावर एवढें मोठें नगर शतकानुशतकें जगलें, ही गोष्ट आम्हांस तेथल्या कोणत्याहि राजवाड्याहून थोर वाटली.

आज ते शेजारीच उरले नाहींत. १९५१ च्या सुमारास या जुन्या शहरांत १,७५,००० माणसें राहात होतीं. २०२२ सालीं ती संख्या ५०,००० च्याहि खालीं गेली. समुद्रास आवरण्याची सोय झाली आहे: १९६६ च्या महापुरांत पाणी १९४ सेंटिमीटर चढलें होतें, आणि २०२० पासून खाजणाच्या तिन्ही मुखांशीं लोखंडी दारें उचलून भरती अडवितां येते. जाणाऱ्या माणसांस अडविणारें दार मात्र कोणीं बांधिलें नाहीं.

एप्रिल २०२४ पासून ठराविक दिवशीं, दिवसापुरत्या येणाऱ्या प्रवाशाकडून पांच युरो प्रवेशकर घेण्यास आरंभ झाला. गर्दीनें गांजलेल्या नगरानें कांहीं तरी करावें हें योग्यच. परंतु जो रात्रीं मुक्काम करितो त्यास या करांतून सूट आहे, आणि घरें रिकामीं होत आहेत तीं पुष्कळ अंशीं त्याच्याच बिऱ्हाडासाठीं! हें लिहितांना आम्ही दुसऱ्यास बोल लावीत नाहीं. आम्ही उतरलों तेंहि एका कुटुंबाचें घर होतें. दाराच्या चौकटीवर मुलांची उंची मोजल्याच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. तें कुटुंब खाडीपलीकडे मेस्त्रे येथें राहावयास गेलें, असें किल्ली देणाऱ्या मुलानें सांगितलें.

म्हणून आमचें मत असें कीं, दिवसाच्या पाहुण्याच्या पांच युरोंवर न थांबतां, घर प्रवाशांस देण्यावरच मर्यादा घालावी, आणि कराचा पैसा तेथें राहूं इच्छिणाऱ्या संसारी माणसांच्या भाड्यास लावावा. तसें झालें तर आम्ही दुप्पट कर देऊं, आणि खोली न मिळाल्यास मेस्त्रेस मुक्काम करून सकाळीं गाडीनें येऊं. पायीं हिंडण्यास दिवस पुरतो.