आधी दोन बाजू, मग कन्नी

सोलापूरच्या नवी पेठेतून एका वाचकाचे पत्र आले आहे. दोन दोऱ्यांचा पतंग त्यांनी घरीच शिवला. मंद वाऱ्यात तो सरळ चढतो, पण जोराचा झोत आला की डावीकडे झेपावतो आणि गिरक्या घेत खाली येतो. कन्नीच्या गाठी वर-खाली करूनही गुण येत नाही. अशी पत्रे आता वरचेवर येऊ लागली आहेत, म्हणून यंदा याच विषयावर लिहितो.

एकेरी दोऱ्याच्या पतंगाची आपली सवय इथे नडते. त्या पतंगाला गिरकी हवीच असते. ढील दिली की तो फिरतो, खेचले की नाकासमोर धावतो. एक बाजू जड झाली तर दुसरीकडे चिंधी बांधून भागते. दोन दोऱ्यांच्या पतंगाचे तसे नाही. १८९९ साली विल्बर राइट यांनी डेटन गावात पाच फुटी पतंग चार दोऱ्यांवर उडवून पंखांना पीळ दिला की तो कसा वळतो ते पाहिले. इंग्लंडमधल्या पीटर पॉवेल यांचा दोन दोऱ्यांचा पतंग १९७२ सालचा. दोन्हीकडे डाव्या-उजव्यातला फरक हेच सुकाणू. तो फरक पतंगातच शिवला गेला असेल, तर उडवणाऱ्याच्या हातात काही उरत नाही.

पहिली तपासणी जागेची. नवी पेठेसारख्या दाट बाजारपेठेत गच्चीवर वारा भोवऱ्यांतूनच येतो. अडथळ्याच्या उंचीच्या निदान सातपट लांब उभे राहावे, हा ठोकताळा तिथे पाळताच येत नाही. संक्रांतीला होम मैदान गड्ड्याच्या यात्रेने भरलेले असते, म्हणून गावाबाहेरचे मोकळे रान गाठा आणि तिथेच पतंगाची परीक्षा घ्या.

मग दोऱ्यांची अदलाबदल करा. डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. ओढ बाजू बदलते का? बदलली तर दोऱ्या कमी-जास्त आहेत. सुती दोरी ताणाने वाढते, म्हणून दोन्ही दोऱ्या एकाच रिळातल्या घ्या, एकाच खुंटीला बांधून एकत्र ताणा आणि मगच मापून गाठ मारा. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली. गळे चिरणारी आणि पाखरांचे पंख कापणारी ती वस्तू आपल्या खेळात कुणीही आणू नये, एवढे कळकळीने सांगतो.

ओढ डावीकडेच राहिली तर दोष पतंगात आहे. तो फक्त जोराच्या वाऱ्यात दिसत असेल, तर माझा पहिला संशय कापडावर. ताणा-बाणा काय असतो हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको. उभे-आडवे ताणले तर कापड फारसे हलत नाही, तिरके ताणले की सैल सुटते. कापड वाचवण्यासाठी एक पंख उभा आणि दुसरा तिरका बेतला, तर तिरक्याला झोतात पोट सुटते आणि त्या बाजूचा वारा निसटतो. घरच्या पतंगात ही चूक सर्रास होते, आणि जमिनीवर ठेवलेल्या पतंगात ती दिसतही नाही. कापड दुमडून, दोन्ही पंख एकमेकांवर ठेवूनच कापा. शिवून झालेल्या पतंगाला मात्र यावर उपाय नाही. तो पंख उसवून नवा घालावा.

त्यानंतर कामट्या. पुढच्या कडेच्या दोन्ही कामट्या एकाच कळकाच्या, एकाच पेरातल्या हव्यात आणि दोन्हींचे जाड टोक नाकाकडे हवे. दोन विटांवर कामटी आडवी टेकवा, मध्यभागी कुलूप लटकवा आणि वाक भिंतीवर पेन्सिलीने नोंदवा. दुसरीचा वाक तेवढाच येईपर्यंत ताठ कामटी काचेच्या तुकड्याने खरवडत जा. जाडी सारखी आली तरी वाक सारखा येईलच असे नाही, त्यामुळे मोजायचा तो वाकच.

एवढे झाल्यावर कन्नीला हात लावा. दोन्ही बाजूंची गाठ एकदम सरकवा, एका वेळी तीन-चार मिलिमीटर, त्याहून जास्त नको. गाठ नाकाकडे नेली की पौषातल्या मंद वाऱ्यातही पतंग चढतो, मात्र वळायला आळस करतो. खाली आणली की चपळ वळतो, पण फार खाली गेली तर उठतच नाही. चांगली जागा सापडली की दोन्हीकडे शाईने खूण करून ठेवा. आषाढातल्या पश्चिमेच्या वाऱ्याला जागा पुन्हा शोधावी लागेल, तेव्हा सुरुवात या खुणेपासून करता येईल.