दोष संगणकाचा की खेळाचा?

संगणकावरील खेळ मध्येच अडखळू लागला की दोष संगणकाच्या माथी मारण्याची रीत जुनी आहे. ड्रायव्हर नवा टाका, विंडोज पुन्हा बसवा, रॅम वाढवा आणि एवढे करूनही भागले नाही तर ग्राफिक्स कार्डच बदला, असे सल्ले दुकानदारापासून मित्रापर्यंत सारेच देतात. ग्राहक हजारो रुपये मोजून नवे कार्ड आणतो आणि खेळ पूर्वीच्याच वळणावर, पूर्वीसारखाच अडखळतो. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचाच हा प्रकार! गेल्या दशकभरातील मोठ्या खेळांचा अनुभव पाहता, दोष नेमका कुणाचा हे तपासल्याशिवाय खिशात हात घालणे शहाणपणाचे नाही.

या घोळाचे मूळ मोजमापातच आहे. खेळाचा वेग ‘सेकंदाला किती फ्रेम’ या सरासरीने सांगितला जातो. साठ फ्रेम म्हणजे प्रत्येक चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद. पण एखाद्या सेकंदात ५९ चित्रे प्रत्येकी १५ मिलिसेकंदांत उमटली आणि उरलेल्या एकाने ११५ मिलिसेकंद घेतले, तरी सरासरी साठच भरते. आकडा निर्दोष, पण डोळ्याला मात्र झटका जाणवतो. ‘टेक रिपोर्ट’चे स्कॉट वॉसन यांनी २०११ मध्ये ही विसंगती मांडून प्रत्येक फ्रेमला लागणारा वेळ मोजण्याचा आग्रह धरला. तेव्हापासून जाणकार परीक्षक सरासरीवर विसंबत नाहीत; जाहिरातींचा भर मात्र अजूनही सरासरीवरच असतो.

वेग एकूणच कमी असणे आणि वेग चांगला असूनही मध्येच झटके बसणे, हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्याचे कारण बहुधा यंत्राची कुवत हे असते. दुसऱ्याचे कारण अनेकदा खेळाच्या रचनेत दडलेले असते. पडद्यावरील पाणी, धूर वा धातूची चकाकी कशी दिसावी हे ग्राफिक्स चिपला सांगणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमना ‘शेडर’ म्हणतात. प्लेस्टेशनसारख्या कन्सोलमधील चिप ठरलेली असल्याने त्यासाठीचे शेडर आधीच तयार करून खेळासोबत देता येतात. पीसीमध्ये कार्डांचे आणि ड्रायव्हरचे असंख्य प्रकार. त्यामुळे शेडरचे अंतिम रूपांतर ग्राहकाच्याच संगणकावर करावे लागते. ते खेळ सुरू होण्यापूर्वी उरकले तर ठीक. पण पहिला स्फोट होण्याच्या क्षणी करायचे ठरवले, तर चित्र तेवढा वेळ थबकणारच.

विंडोज १० सोबत २०१५ मध्ये आलेल्या डायरेक्टएक्स १२ ने या कामाची बरीचशी जबाबदारी ड्रायव्हरकडून काढून खेळ तयार करणाऱ्यांकडे सोपवली. त्यांच्या हाती अधिक सत्ता आली. पण सत्तेसोबतचे कष्ट सर्वांनीच घेतले असे नाही. दुसरा झटका विस्तीर्ण जगाच्या खेळांत बसतो. खेळाडू एका भागातून दुसऱ्या भागात शिरताना नवा मजकूर स्मृतीत भरावा लागतो आणि ते नियोजन कच्चे असेल तर महागडा प्रोसेसरही गुडघे टेकतो.

उदाहरणांची वाण नाही. जून २०१५ मध्ये ‘बॅटमॅन: आर्खम नाइट’ची पीसी आवृत्ती इतकी सदोष निघाली की वॉर्नर ब्रदर्सला काही दिवसांतच विक्री थांबवावी लागली; ती पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर उजाडला. डिसेंबर २०२२ मध्ये ‘द कॅलिस्टो प्रोटोकॉल’ शेडरच्या झटक्यांमुळे टीकेचा धनी झाला. मार्च २०२३ मधील ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’ने शेडर आधी तयार करण्याचा मार्ग पत्करला खरा, पण त्यातच अनेकांचा बराच वेळ गेला. पुढच्याच महिन्यात ‘स्टार वॉर्स जेडाय: सर्व्हायव्हर’च्या कर्त्यांना, काही पीसी ग्राहकांकडे खेळ अपेक्षित दर्जाने चालत नसल्याचे जाहीरपणे मान्य करावे लागले.

मग ग्राहकाने ओळखावे कसे? झटका एखादी गोष्ट प्रथमच दिसताना बसतो आणि तोच भाग पुन्हा खेळल्यावर नाहीसा होतो, तर तो शेडरचा. ड्रायव्हर बदलल्यावर तयार शेडरचा साठा नव्याने उभारावा लागतो, म्हणून तो झटका काही काळ परततो. ‘नवा ड्रायव्हर टाका’ हा सल्ला कधीकधी उलटतो तो यामुळेच. ठरावीक दारापाशी वा पुलावर दरवेळी झटका बसत असेल, तर तो मजकूर भरण्याचा. पंधरा-वीस मिनिटांनंतर वेग हळूहळू घसरत असेल, तर संशय उष्णतेवर घ्यावा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लॅपटॉपच्या पंख्यात साचलेली धूळ एवढे एक कारणही त्याला पुरते. टेक्स्चरचा दर्जा एक पायरी उतरवताच झटके थांबले, तर कार्डाची स्मृती अपुरी पडत होती असे समजावे.

सर्वांत उपयुक्त चाचणी फुकट आहे. रिझोल्यूशन आणि चित्राचा दर्जा अगदी खाली आणून पाहावा. वेग भरपूर वाढला, तर भार कार्डावर होता. तो जागचा हलला नाही, तर नवे कार्ड घेऊनही फारसे हाती लागणार नाही. अडथळा प्रोसेसरमध्ये, रॅममध्ये किंवा खुद्द खेळात आहे. मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डला जोडलेली नाही ना, लॅपटॉप चार्जरवर आहे ना, खेळ जुन्या हार्ड डिस्कवर तर नाही ना, हेही आधी पाहावे. फ्रेमला मर्यादा घालून चाळीस वा साठवर स्थिर ठेवलेला वेग, नव्वद आणि पन्नासमध्ये हेलकावणाऱ्या वेगापेक्षा डोळ्याला सुखद वाटतो.

याउपर जे उरते ते उत्पादकाचे देणे. ‘स्टीम’वर जून २०१५ पासून, खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असल्यास पैसे परत मागता येतात. मात्र खेळ सुरू करून शेडर तयार होण्यात गेलेला वेळही त्याच दोन तासांत धरला जातो. म्हणजे दोष शोधण्याचा वेळही ग्राहकाच्याच खात्यावर!

उपाय अशक्य नाही, हे उद्योगानेच दाखवून दिले आहे. २०२२ मध्ये आलेल्या ‘स्टीम डेक’ला व्हॉल्व्ह कंपनी तयार शेडर पुरवू शकते, कारण तेथे चिप ठरलेली आहे. मायक्रोसॉफ्टनेही २०२५ मध्ये तयार शेडर खेळासोबतच पोहोचवण्याची योजना एक्सबॉक्स नावाच्या हातातील यंत्रांपासून सुरू केली. सर्वसामान्य पीसीपर्यंत ती सोय सरसकट पोहोचेपर्यंत ग्राहकाच्या हाती दोन शस्त्रे उरतात: आगाऊ नोंदणीचा मोह टाळणे आणि नवे कार्ड घेण्याआधी वरची फुकट चाचणी करणे. अर्धवट शिजलेला पदार्थ परत पाठवायचा असतो. त्यासाठी घरची ताटे बदलायची नसतात.