कडी लावण्यापूर्वी

संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल. कोठीच्या रेसिडेन्सीतला कर्नल कर्कपॅट्रिक निराळा. त्याचा कारभार आटोपून दोन शतके उलटली. हा दुसरा कर्नल मात्र आपल्या प्रयोगशाळेत रोज राबतो, आणि मित्रहो, प्रस्तुत प्रश्न आहे तो त्याच्या एका दाराचा.

लिनक्समध्ये 2013 साली, 3.8 या आवृत्तीपासून, सामान्य वापरकर्त्यालाही 'युजर नेमस्पेस' उघडण्याची मुभा मिळाली. भाडेकरूला एक खोली द्यावी आणि त्या खोलीपुरता तूच मालक असे सांगावे, तसा हा प्रकार. सोय उत्तम, पण त्या खोलीतून कर्नलच्या अशा भागांपर्यंत हात पोहोचतो, जेथे पूर्वी खऱ्या मालकालाच मज्जाव नव्हता. तेथे एखादी चूक राहून गेलेली असली की भाडेकरू साऱ्या वाड्याचा धनी होऊन बसतो. 2022 च्या जानेवारीत उघडकीस आलेला एक गंभीर दोष याच वाटेचा. तेव्हा 'दार लावा' म्हणणाऱ्यांशी माझे भांडण नाही.

पण त्या दारातून ये-जा कोणाची आहे, हे आधी कोणी पाहायचे? सुलतान बाजारातली एखादी गल्ली बंद करायची, तर हातगाड्या कुठून येतात, माल कुठे उतरतो, हे विचारावेच लागते. येथे मात्र एका ओळीची आज्ञा दिली की साहेब मोकळे! आणि गंमत पाहा: क्रोमियमवर बेतलेले ब्राउझर परक्या वेबपानाला कोंडून ठेवण्यासाठी हीच खोली वापरतात. फ्लॅटपॅकचे ॲप, मालकी हक्काशिवाय चालणारा पॉडमन, यांचेही तिच्यावाचून अडते. उबुंटूने या निर्बंधाची सोय 23.10 मध्ये आणली आणि 2024 च्या एप्रिलमधील 24.04 पासून तो आपोआप लागू केला. ओळखीच्या प्रोग्रामांना परवानेही सोबत दिले. तरीसुद्धा डाउनलोड केलेली कित्येक ॲपइमेज उघडेनाशी झाली. अशा वेळी विद्यार्थी काय करतो? शेजारचा सांगतो, 'नो-सँडबॉक्स' लिही, चालेल. चालते खरे, पण कोंडवाडाच मोडलेला असतो. वाड्याचे दार लावण्याच्या नादात प्रत्येक खोलीची कडी आपण काढून ठेवली, याला सुरक्षा म्हणायचे का?

घाईचा हिशेब आपल्या शहराने पाहिलेला आहे. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने जगभरचे सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पाडले, आणि शमशाबादच्या विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. तेही सुरक्षेचेच सॉफ्टवेअर होते, कर्नलमध्येच बसलेले.

प्राध्यापकमंडळी म्हणतील, तपासायला वेळ कुठे आहे? 'एलएसएनएस' ही आज्ञा त्या क्षणी कोणत्या खोल्या उघड्या आहेत ते दाखवते. एकदाच पाहून भागणार नाही. प्रात्यक्षिकांच्या आठवड्यात, निरनिराळ्या तासांना पाहावे. मग एकाच यंत्रावर निर्बंध लावून कर्नलच्या नोंदीत कोणाला नकार मिळाला ते वाचावे. ज्यांची गरज खरी, त्यांना प्रोग्रामगणिक परवाना द्यावा. सरसकट दार उघडू नये. यादी करताना आमच्या कन्नड विभागातील मित्रांनाही विचारावे, कारण त्यांचे सॉफ्टवेअर आम्हाला ठाऊक नसते. आणि ज्या यंत्रावर या खोलीचा वापर कोणीच करत नाही, तेथे कडी आजच लावावी.