दुहेरी बंध गेला कुठे?

दहावीच्या विज्ञानात ‘कार्बनी संयुगे’ हा धडा आहे. त्यात बहुवारिकांचा तक्ता येतो: पॉलीएथिलीन, पॉलीप्रोपिलीन, पीव्हीसी, टेफ्लॉन. मुलं तो पाठ करतात, कंसाबाहेर ‘एन’ लिहितात, गुण मिळवतात. मग विचारा, पॉलीएथिलीनच्या साखळीत दुहेरी बंध असतो का? भोसरी-चिखलीकडची जी मुलं माझ्याकडे शिकायला येतात, त्यांतली बरीचशी ‘हो’ म्हणतात. नावातच एथिलीन आहे ना!

मी मुलांना दोष देत नाही. तो बंध उघडतो कसा, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. एथिलीनच्या दोन कार्बनांमध्ये दोन बंध असतात, त्यातला एक कच्चा. एखादा मुक्त मूलक जवळ आला की तो कच्चा बंध सुटतो. एक कार्बन मूलकाला जोडला जातो, दुसऱ्याचा हात मोकळा राहतो. तो हात पुढच्या एथिलीनचा बंध उघडतो, तो त्याच्या पुढच्याचा, असं हजारो वेळा. यात काहीच बाहेर पडत नाही, पाण्याचा रेणूसुद्धा नाही. म्हणून ही समावेशन अभिक्रिया. साखळीत उरतात ते कार्बन-कार्बनमधले एकेरी बंध. जंतूंना ते सहज तुटत नाहीत, म्हणून पवनेच्या काठावर अडकलेली पिशवी वर्षानुवर्षं तशीच.

हे सगळं घडतं नागोठण्यासारख्या ठिकाणच्या पेट्रोकेमिकल कारखान्यांत. चाकणला येतो तो तयार दाणा. मोल्डिंग मशीनमध्ये तो फक्त वितळतो आणि बंपर होऊन बाहेर येतो. साखळ्या एकमेकींना बांधलेल्या नसतात, म्हणून मोडका बंपर दळून पुन्हा वितळवता येतो. कुदळवाडीतला प्लास्टिक भंगाराचा धंदा याच गुणावर चालायचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेनं तिथली गोदामं पाडली, तो वेगळा विषय.

आमचे एक चाचा त्या धंद्यात होते. शाळा चौथीपर्यंत. प्लास्टिकचा तुकडा बादलीत टाकायचे: पाइपचा पीव्हीसी बुडतो, साधं पॉलीप्रोपिलीन आणि पॉलिथिन तरंगतं. पॉलिथिन जळताना मेणबत्तीचा वास येतो, हेही त्यांना ठाऊक. का येतो, ते आमच्या दहावीच्या मुलांना सांगता यायला हवं. मेणाच्या रेणूतही तशीच कार्बनची साखळी असते, फक्त आखूड.

यातली कितीतरी मुलं दहावी-बारावीनंतर ठेकेदाराकडे मोल्डिंगच्या मशीनवर उभी राहतात. पॉलीप्रोपिलीनच्या दाण्यात पीव्हीसीचा चुरा मिसळला गेला, तर दोनशे अंशांच्या वर तापलेल्या बॅरलमध्ये पीव्हीसी फुटतो आणि हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. ओलाव्यात गेला की तो आम्ल. डोळे चुरचुरतात, घसा जळतो, मशीनही गंजतं. पीव्हीसीच्या सूत्रातला क्लोरीन त्या मुलांनी परीक्षेत बरोबर लिहिलेला असतो!

प्रात्यक्षिकाच्या तासाला एक बादली पाणी, पाइपचा तुकडा, बाटलीचं झाकण आणि दुधाची पिशवी एवढंच ठेवा. जाळून बघणं मात्र वर्गात नको.