दुचाकीच्या दिव्याखालचा अंधार

पावसाळ्यात दिवेलागणीनंतर पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या अंतर्गत रस्त्यांवर दोन प्रकारच्या दुचाकी हमखास दिसतात. एकीचा पुढचा दिवा काजव्यासारखा मिणमिणतो, तर दुसरीचा दिवा समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवतो. हे दोन्ही प्रकार परस्परविरुद्ध वाटत असले, तरी त्यांचे मूळ पुष्कळदा एकच असते. विजेच्या जोडणीतला किरकोळ दोष वेळीच शोधला गेलेला नसतो.

दुचाकीच्या दिव्याबाबत सरकार उदासीन आहे, असे म्हणता येणार नाही. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना इंजिन सुरू होताच आपोआप लागणारा दिवा बंधनकारक झाला. दुचाकी भरदिवसाही इतरांच्या नजरेत भरावी, हा त्यामागील हेतू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांनी प्राण गमावले आणि त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. सर्वाधिक अपघात सायंकाळी ६ ते रात्री ९ या वेळेत होतात, हेही अशा अहवालांतून वर्षानुवर्षे दिसून येते. त्यामुळे नियम योग्यच आहे. मात्र त्याचा अंमल कारखान्याच्या दारापर्यंतच होतो. पुढची पंधरा वर्षे तो दिवा नीट लागतो की नाही, हे पाहण्याची जबाबदारी व्यवहारात कोणाचीच नाही.

सतत पेटणाऱ्या दिव्याचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला गेलेला नाही. डिपरवरची तार दिवसभर तापत राहते आणि साहजिकच आधी तुटते. उन्हात ते चालकाच्या ध्यानात येत नाही. कळते ते थेट अंधारात. मग ‘तूर्त चालवून घेऊ’ म्हणत तो अप्परवरच गाडी हाकतो. त्याला रस्ता दिसतो, पण समोरचा आंधळा होतो.

गोव्याच्या हवामानाने या प्रश्नात भर घातली आहे. जूनपासून कोसळणारा पाऊस आणि किनाऱ्यावरची खारी हवा यांमुळे वायरिंगच्या कपलरमधील पितळी टोकांवर हिरवट थर चढतो. हँडल रोज शेकडो वेळा वळल्याने त्याच्या मानेजवळच्या तारा आतून तुटतात. वरचे आवरण मात्र शाबूत असते. असा दोष डोळ्यांना दिसत नाही. म्हणून गॅरेजमध्ये पहिला उपाय होतो तो बल्ब बदलण्याचा. चार दिवस प्रकाश बरा वाटतो आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

वास्तविक दोष शोधण्याचा क्रम सरळ आहे. अप्पर किंवा डिपर यांपैकी एकच बंद असेल, तर बल्बची तार किंवा हँडलवरचे बटण तपासावे. दोन्ही एकदम गेले असतील, तर दोन्ही तारा एकाच वेळी तुटण्याची शक्यता कमी. तेव्हा होल्डर, अर्थिंगची तार आणि फ्यूज पाहणे श्रेयस्कर. इंडिकेटर लावताच दिवा लुकलुकत असेल, तर संशय अर्थिंगवर घ्यावा. बल्ब वारंवार उडत असेल, तर रेग्युलेटर पाहावा. इंजिन सुरू असताना बॅटरीवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट असावेत. आकडा पंधराच्या वर गेला, तर दोष बल्बचा नव्हेच. फ्यूज पुन्हा पुन्हा जात असेल, तर जास्त क्षमतेचा फ्यूज बसवणे म्हणजे वायरिंगला आग लागण्याची सोय करणे. या साऱ्या तपासणीला एक साधा मल्टिमीटर पुरतो.

जोडणीतील गळती किती महाग पडते, हे एका हिशेबावरून कळेल. साध्या फिलामेंटच्या बल्बला मिळणारा दाब दहा टक्क्यांनी घटला, तर प्रकाश दहा टक्क्यांनी नव्हे, जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. म्हणजे गंजलेल्या कपलरमध्ये एक-सव्वा व्होल्ट अडकला, तरी नवा बल्बही मंदच लागतो. त्यावर उतारा म्हणून बाजारातील भगभगीत एलईडी बसवले जातात. परावर्तक मूळ बल्बच्या तारेच्या जागेनुसार घडवलेला असल्याने त्यांचा प्रकाश रस्त्यावर न पडता चौफेर फाकतो. उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत मनमानी फेरफार करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मनाई आहे. पण चालकाला त्या वाटेला नेतो तो न शोधलेला दोष.

येथे धोरणातील विसंगती समोर येते. व्यावसायिक वाहन असलेल्या मोटरसायकल पायलटला ठरावीक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी दुचाकीची नोंदणी मात्र १५ वर्षांसाठी असते आणि तिची तपासणी होते ती बव्हंशी धुराची. वर्षातून एकदा किंवा दोनदा दुचाकी धूर तपासणी केंद्रावर येतेच. तेथेच अप्पर, डिपर, मागचा दिवा आणि बॅटरीचा दाब पाहून पावतीवर नोंद करून दिली, तर त्यास पाच मिनिटेही लागणार नाहीत.

यातून सामान्य माणसाच्या मागे आणखी एक ससेमिरा लागेल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच या नोंदीला दंडाची जोड नसावी. ती चालकाला सावध करण्यापुरतीच असावी. वाहतूक खात्याने मान्सूनपूर्व तयारीत औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन पंचायतींत अशी मोफत शिबिरे भरवली, तर विद्यार्थ्यांना सराव मिळेल आणि गावच्या मेकॅनिकलाही बल्ब बदलण्यापूर्वी मीटर लावण्याची सवय जडेल. मान्सूनपूर्व कामांच्या यादीत गटारांचा उपसा आणि धोकादायक झाडांची छाटणी दरवर्षी असते. रात्री कामावरून घरी परतणाऱ्याच्या दुचाकीचा दिवाही त्या यादीत असायला हवा.