करार आणि आक्रमण

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या आणि दुसरे महायुद्ध पेटले. त्याच्या नऊच दिवस आधी, २३ ऑगस्टला, मॉस्कोत जर्मनी व सोव्हिएत रशिया यांच्यात अनाक्रमणाचा करार झाला होता. या कराराची भलामण करणारी मंडळी डाव्या चळवळीत अजूनही आढळतात. त्यांचा युक्तिवाद तपासून पाहणे अगत्याचे आहे.

ते म्हणतात, ब्रिटन-फ्रान्सनेच रशियाला एकाकी पाडले. यात तथ्य आहे. सप्टेंबर १९३८ मध्ये म्युनिकला चेंबरलेन व दलादिए यांनी चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडून हिटलरच्या पुढ्यात टाकला. त्या बैठकीत ना चेकांना स्थान होते, ना रशियाला. पोलंडनेही त्या लुटीत तेशेनचा तुकडा पटकावला. परंतु यातून सिद्ध होतो तो फार तर तटस्थ राहण्याचा हक्क. शेजाऱ्याचे घर वाटून घेण्याचा हक्क त्यातून कसा निघतो? कराराला जोडलेल्या गुप्त मसुद्यात पोलंड, फिनलंड आणि बाल्टिक देश यांची वाटणीच ठरली होती. १७ सप्टेंबरला लाल सेना पूर्वेकडून पोलंडमध्ये शिरली. ३० नोव्हेंबरला फिनलंडवर चाल झाली. या मसुद्याचे अस्तित्व मॉस्कोने मान्य केले ते थेट डिसेंबर १९८९ मध्ये! न्याय्य कृत्य इतकी वर्षे दडवावे लागते काय?

दुसरा मुद्दा, वेळ मिळाला. वेळ हिटलरलाही मिळाला. पूर्वेची चिंता मिटताच त्याने १९४० मध्ये अवघ्या सहा आठवड्यांत फ्रान्स लोळवला. त्या काळात रशियाचे धान्य व तेल जर्मनीला पोहोचत होते. २२ जून १९४१ रोजी कराराच्या चिंधड्या झाल्या. पुढे सुमारे २ कोटी ७० लाख सोव्हिएत नागरिकांचे बळी गेले. नाझी सैन्याचा कणा त्या जनतेनेच मोडला. पण तिच्या बलिदानाआड राज्यकर्त्यांचा सौदा लपवणे हा त्या बलिदानाचाच अवमान होय.

लोकशाहीचा टेंभा मिरवणारे ब्रिटनही निर्दोष नव्हते. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी एकाही लोकप्रतिनिधीला न विचारता हिंदुस्थानला युद्धात ओढले.

म्हणूनच कसोटी गटाची असू शकत नाही. भारतातील कम्युनिस्टांनी ज्याला ‘साम्राज्यवादी युद्ध’ म्हटले, तेच रशियावरील हल्ल्यानंतर ‘लोकयुद्ध’ ठरले आणि १९४२ च्या लढ्यापासून ते दूर राहिले. ज्याचे होकायंत्र परक्या राजधानीत ठेवलेले असते, त्याला स्वतःच्या देशातील जनतेचा मार्गही दिसेनासा होतो. समाजवादी कार्यकर्त्याने प्रत्येक युद्धात आधी एकच प्रश्न विचारावा : सीमा कोणी ओलांडली? आक्रमकाचा झेंडा कोणत्या रंगाचा आहे, हे मग पाहता येईल.